गोठवलेलं नाव

फ्रिज सरळ बंद पडला असता तर एर्सिलियाने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. तो बंद पडला नव्हता, हेच दुखणं होतं. दार उघडलं की दिवा लागत होता, मागे घरघर चालू होती, वरच्या फ्रीझरमधली कोंबडी दगडासारखी कडक होती. खालच्या कप्प्यात मात्र दूध नासलेलं, पपई लिबलिबीत, आणि काल दिवसभर शेगडीपाशी उभं राहून ढवळलेल्या राजम्याच्या गोड खिरीचं पातेलं हाताला कोमट लागत होतं. ईस्टरच्या आधीचा बुधवार. उद्यापासून गल्लीतल्या प्रत्येक घरातून दुसऱ्या घरात खिरीचे वाडगे जाणार आणि येणार. आमच्या आसुआ गावच्या उन्हात जिची खीर थंडगार नसेल, तिच्याबद्दल बायका पुढच्या ईस्टरपर्यंत बोलत राहतात.

पण खीर ही चारचौघींत सांगायची काळजी होती. खरी काळजी वर होती, फ्रीझरच्या मागच्या भिंतीला चिकटलेली. तिथे एका प्लॅस्टिकच्या पेल्यात बर्फ होता, बर्फात चार घड्या घातलेला कागद होता, आणि त्या कागदावर एर्सिलियाने स्वतःच्या हाताने आपल्या एकुलत्या एका मुलीचं पूर्ण नाव लिहिलं होतं.

आमच्याकडे हे करणाऱ्या बायका काही कमी नाहीत. कुणी सवतीचं नाव गोठवते, कुणी चहाडखोर शेजारणीचं, कुणी कोर्टात विरुद्ध बाजूने उभ्या असलेल्या वकिलाचं. नाव बर्फात आहे तोवर माणूस जागच्या जागी. ना त्याची जीभ हलत, ना पाय. वर या सगळ्या रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात. एर्सिलिया त्यांना हसायची. शाळेचे गणवेश शिवून जिने एकटीने मुलगी वाढवली, तिला असल्या भानगडींना वेळ कुठला? आणि शेवटी केलं तर असं केलं, की गल्लीतल्या कुठल्याच बाईने केलं नसेल. पोटच्या पोरीचं नाव गोठवलं.

झालं होतं असं. मुलगी, मिलेडिस, चार वर्षांची असताना तिचा बाप दोन वर्षांसाठी म्हणून न्यूयॉर्कला गेला. तिथे त्याने दुसरा संसार थाटला. म्हातारपणी त्याला अचानक उपरती झाली आणि त्याने मुलीला बोलावून घेण्यासाठी अर्ज केला. अर्ज इतकी वर्षं पडून राहिला की एर्सिलिया तो विसरूनही गेली. मग गेल्या जुलैत अमेरिकन वकिलातीचं पत्र आलं. मिलेडिस एकतीस वर्षांची, सरकारी दवाखान्यात नर्स. तिला मुलाखतीला बोलावलं होतं. पत्र वाचताना पोरीचे कान लाल झाले होते. एर्सिलिया म्हणाली, देव पावला. आणि त्याच आठवड्यात, मुलगी दुपारपाळीला गेलेली असताना, तिने पेला भरला.

सप्टेंबरची मुलाखत पुढे गेली. मग जानेवारीचीही गेली. दोन्ही वेळा मिलेडिस फोन हातात घेऊन न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली आणि रडली. दोन्ही वेळा एर्सिलियाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, देवाच्या मनात असेल तसं होईल म्हणाली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिली. आनंद झाला होता, हे ती स्वतःशी कबूल करत होती. आणि आनंद झाला याची इतकी लाज वाटत होती की फ्रिजमधलं पाणी तिला प्यायला नको वाटायचं. जानेवारीनंतर ती माठातलंच पाणी प्यायची.

आता फ्रिज बिघडला होता, आणि रात्रपाळी करून आलेली मिलेडिस आतल्या खोलीत झोपली होती. ती दोनच्या आत उठत नसे. म्हणजे जे काय करायचं ते दोनच्या आत.

सकाळपासून एर्सिलियाने आपल्या परीने सगळं करून पाहिलं. फ्रिज भिंतीपासून ओढला, मागच्या नळ्यांवरची जाळीजळमटं झाडूने काढली. गुंडी एकावरून पाचावर नेली, पाचावरून पुन्हा तीनवर आणली. दाराच्या रबराला खोबरेल चोळलं. प्लग काढून पंधरा मिनिटं थांबावं असं सगळे म्हणतात, पण प्लगला हात लावला आणि तिला वरचा पेला आठवला. पंधरा मिनिटांत बर्फाला काही होत नाही हे तिला कळत होतं, तरी हात मागे आला. पेला काढून शेजारी नेऊन ठेवावा, तर तो निघेना. नऊ महिन्यांत जेव्हा जेव्हा लाइट गेली, तेव्हा तेव्हा थोडं पाणी सांडलं आणि पुन्हा गोठलं. आता पेला आणि भिंत एकजीव झाली होती.

अखेर तिने रादामेसला फोन केला. दुरुस्तीच्या कामात हा माणूस जितका तरबेज, तितकाच तोंडाने मोकळा. दुपारच्या गाडीने तो आईकडे सुट्टीला निघाला होता. पाठीला कपड्यांची पिशवी, हातात हत्यारांची पेटी, असा तो दारात उभा राहिला आणि तिथूनच, वडीलधाऱ्या बाईला मानाने म्हणतात ते 'दोन्या' लावून, गरजला.

"दोन्या एर्सिलिया, सणाच्या तोंडावर फ्रिजला ताप आला म्हणे?"

"हळू बोल," एर्सिलिया म्हणाली. "पोरगी झोपलीय."

त्याने मागे हात लावून कॉम्प्रेसर पाहिला. गरम होता, चालू होता. दाराच्या फटीत कागद घालून ओढला. रबर कागद धरत होतं. फ्रीझर उघडून कान दिला; आतला पंखा फिरत होता. मग त्याने एक हात फ्रीझरमध्ये आणि एक खालच्या कप्प्यात ठेवला आणि डोळे मिटून उभा राहिला. एर्सिलियाला तिथे दोन मिनिटं उभं राहवेना. ती ओट्यावरचं फडकं घेऊन पुसलेलंच पुन्हा पुसत होती.

"गॅस गेला असेल," ती म्हणाली.

"गॅस गेला असता तर वर कोंबडी गोठली असती का?"

मग ती म्हणाली, थर्मोस्टॅट असेल. मग म्हणाली, कॉम्प्रेसर जुना झालाय, नवा बसव. रादामेस हसायला लागला. वीस वर्षांच्या धंद्यात आपण होऊन नवा कॉम्प्रेसर मागणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं, म्हणाला. फ्रिजला काहीसुद्धा झालेलं नाही. थंडी वर तयार होते आणि मागच्या जाळीतून खाली उतरते. वर थंडी आहे, खाली नाही, म्हणजे वाटेत काहीतरी अडलंय. फ्रीझर रिकामा करा, जाळी बघू.

"रिकामा नाही करायचा."

"का?"

"आत मांस आहे. सण आहे."

"मांस अर्धा तास बाहेर राहिलं तर उडून जाणार नाही, दोन्या. माझी गाडी साडेबाराला आहे."

त्याने तिच्या उत्तराची वाट पाहिली नाही. कोंबडी काढली, माशांची पिशवी काढली, बर्फाचे ट्रे काढले, आणि बॅटरी मारून आत डोकं घातलं. त्याचं तोंड एकाएकी बंद झालं. एर्सिलियाला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

रादामेसने डोकं बाहेर काढलं. आवाज आता खरोखरच खाली आला होता. तो म्हणाला की पेला बरोब्बर जाळीवर बसलाय आणि सांडलेल्या पाण्याने बाकीची जाळीही बुजलीय. गरम पाणी ओता, सुटेल. पण ते तुम्हीच करा. दुसऱ्याने गोठवलेल्या नावाला तो हात लावत नाही. दर तिसऱ्या घरात एक निघतं, आणि हा त्याचा नेम आहे. नाव कुणाचं हेही तो विचारत नाही. एवढं बोलून तो अंगणात जाऊन बसला.

एर्सिलियाने पाणी तापत ठेवलं आणि किटली घेऊन फ्रिजसमोर उभी राहिली. ओतायला तिचा हात धजेना. ओतलं नाही तर दुपारपर्यंत खीर आंबणार, रादामेस जाणार, मिलेडिस उठून स्वतःच फ्रीझर उपसणार. ओतलं तर नाव सुटणार. किटली खाली ठेवली, पुन्हा उचलली. मांसाच्या पिशवीतून ओट्यावर पाणी ठिबकत होतं.

"आई, हे काय मांडलंयस?"

मिलेडिस दारात उभी होती, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. रादामेसच्या पहिल्या आरोळीनेच तिची झोप मोडली होती. एर्सिलिया म्हणाली काही नाही, जा झोप. पण आईच्या हातात वाफाळती किटली बघून कुठली नर्स झोपायला जाईल? तिने किटली काढून घेतली, तू भाजून घेशील म्हणाली, आत वाकली आणि बुजलेल्या जागेवर सरळ धार धरली. एर्सिलिया तिचा दंड धरायला पुढे झाली आणि तशीच थांबली. बर्फ कडकडला. पेला मिलेडिसच्या हातात आला.

तिने तो खिडकीकडे धरला. ओला कागद बर्फाच्या आत थोडा उलगडला होता आणि शाई फाकली होती. पण एर्सिलियाचं अक्षर शाळेतल्या कित्त्यासारखं. ते लपणार कसं. मिलेडिसने स्वतःचं नाव वाचलं, बापाचं आणि आईचं अशा दोन्ही आडनावांसकट.

"कधीपासून?"

"जुलैपासून." एर्सिलिया स्टुलावर बसली. आणि मग तिला थांबता येईना. मी अडवलं तुला, म्हणाली. दोन्ही वेळा मीच अडवलं. तू रडत होतीस आणि मी तुझी पाठ चोळत होते, आणि मनातून मला बरं वाटत होतं. आता तू मला काय हवं ते बोल.

मिलेडिसचा चेहरा रागाने पांढरा पडला होता. पेला तिने मोरीत आपटला नाही, हळूच ओट्यावर ठेवला, आणि हे एर्सिलियाला आपटण्यापेक्षा वाईट वाटलं.

"मी उंबऱ्यावर बसले होते," ती अखेर म्हणाली, "आणि तुला बरं वाटत होतं."

"हो."

"तू नाही अडवलंस." मिलेडिसने तोंडावरून हात फिरवला. "वकिलातीने तारखा ढकलल्याच नव्हत्या, आई. मी ढकलल्या. सप्टेंबरात तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जानेवारीत तर काहीसुद्धा नव्हतं. आदल्या दिवशी घरी आले तर तू माझा गणवेश इस्त्री करत होतीस. मला जाववेना. म्हणून रडले."

मिलेडिसने फडकं घेऊन ओट्यावर ठिबकलेलं पाणी पुसलं.

"तिसरी तारीख सोमवारची आहे. तुला सांगितली नाही. आता ढकलली तर फाइलच बंद होईल. रात्रभर वॉर्डात माझं डोकं फिरायची वेळ आली होती. तूच सांग. तू राहा म्हणालीस तर मी राहते. खरंच राहते, आणि तुला कधी बोलून दाखवणार नाही."

तेवढ्यात रादामेस दारात आला, गाडीची वेळ होत आली म्हणून. दोघींचे चेहरे बघून परत फिरणार होता, पण एर्सिलियाने त्याला आत बोलावलं. त्याने जाळीवर आणखी गरम पाणी मारलं, लाकडी कालथ्याने उरलेला बर्फ खरवडला, कपड्याने भोकं टिपून घेतली. पंधरा-वीस मिनिटं स्वयंपाकघरात तेवढाच आवाज होता.

त्या वीस मिनिटांत एर्सिलियाच्या मनाला क्षणाची उसंत नव्हती. नऊ महिने जे तिने पेल्यात कोंडून ठेवलं होतं, ते आता सुटून तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. एक शब्द. राहा. पोरगी राहिली असती. रोज तिचा गणवेश इस्त्री करता आला असता, संध्याकाळी केळ्याचे काप तळता आले असते, पाय दुखले तर तेल चोळायला कुणी असतं. तिला हे हवं होतं. पण शब्द जिभेवर आला की तिला उंबऱ्यावर बसलेली, तोंडात टॉवेल कोंबून रडणारी मिलेडिस दिसायची. बर्फाला दोष देता येत होता तोवर निभावलं होतं.

रादामेसने खालच्या कप्प्यात हात धरला आणि मान डोलावली. थंडी उतरायला लागली होती. संध्याकाळपर्यंत दार उघडू नका, खीर वाचेल, म्हणाला. एर्सिलियाने त्याला एक वाडगा कोमट खीर दिली. ती त्याने उभ्या उभ्या संपवली, तोंड भरून तारीफ केली आणि पिशवी उचलून तो धावत सुटला.

मिलेडिस अजून ओट्याला टेकून उभी होती.

"तुला वाटतं का, मी जावं?" तिने विचारलं.

"नाही," एर्सिलिया म्हणाली. "मुळीच वाटत नाही." मग तिने ओले हात झग्याला पुसले. "सोमवारी किती वाजता?"

"आठला."

"म्हणजे राजधानीला जाणारी पहाटेची पहिली गाडी. मी येते तुझ्याबरोबर."

"तुला आत सोडणार नाहीत."

"दारापर्यंत सोडतील ना? रांगेत मी तुझ्या मागे उभी राहीन. तुला परत फिरावंसं वाटलं, तर आधी मला बाजूला ढकलावं लागेल."