उलट्या साडीचा गृहपाठ

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठंही पडलंय, त्याबद्दल माफी. माझी शाळा चौथीत सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागून ठेवते. उठता-बसता माफी मागायची, हाच तर माझा आजार होता.

पुंडलिकनगरात एका मेसमध्ये मी पोळ्या लाटते. पोळीशी बोलावं लागत नाही म्हणून ते काम धरलं. चार माणसं समोर आली की छाती धडधडायची, जीभ टाळूला चिकटायची. एक दिवस मेसवाले दादा म्हणाले, "वाढणारी बाई गेली, वहिनी. आता तुम्हीच पुढं या. नाय जमलं तर दोन्ही कामाला दुसरी बघतो."

सासूबाईंनी दृष्ट काढली. मिरच्यांनी घर खोकलं, आजार खोकला नाही. शेजारच्या चाचीनं ताईत आणला. तो बांधून वाढायला गेले आणि आमटीची बादली दारातच ठेवून पळाले.

सरकारी दवाखान्यात डोक्याचे डॉक्टर जवळपास फुकट बघतात, पण तिथं रांग. माणसांना भिणाऱ्या बाईला माणसांच्याच रांगेत उभं करायचं, ही कुणाची अक्कल? म्हणून ओळखीनं एका खाजगी समुपदेशक मॅडमकडं गेले. माझ्या लेकीएवढ्या, जीन्स घातलेल्या. म्हणाल्या, "ताई, सगळे आपल्याकडंच बघतायत असं तुम्हाला वाटतं. कुणी बघत नसतं हो. जो तो आपल्याच विचारात असतो." आणि गृहपाठ दिला : साडी उलटी नेसून बायकांत जायचं, आणि किती जणींच्या लक्षात येतं ते बघायचं.

बिचाऱ्या मॅडम! बचत गटात कधी बसल्या नव्हत्या.

त्यांच्या फीसाठी मला गटाकडूनच कर्ज मागायचं होतं. आमचा नियम असा, की कर्ज कशाला पाहिजे ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं आणि एकीनं जामीन राहायचं. शेळी, शिलाई मशीन, पोरांची फी, असली कारणं चालतात.

दारात पाय टाकला न टाकला तोच अध्यक्षबाई ओरडल्या, "अगं बया, साडी उलटी! फॉल बाहेर आलाय!"

सगळ्या उठल्या. एकीनं काठ चाचपला. दुसरीनं फॉलचे टाके लई मोठे म्हणून नावं ठेवली. मला वाटलं, मेले. पण मेले नाही. सगळ्यांचं बघून झालं, मी तिथंच उभी. याहून वाईट काय होणार? एका दमात सांगून टाकलं : डॉक्टरीणबाईनं नेसायला लावली, आणि तिलाच द्यायला कर्ज पाहिजे.

"उलटी साडी नेसवती, आन् वर पैसं बी घेती?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "येड्याच्या डॉक्टरला गटाचा पैसा नाय. उद्या ही पुरी येडी झाली तर फेडणार कोण?"

सगळ्यांच्या माना हलल्या. आमच्या गटात अध्यक्षबाईंनी गुबुगुबु केलं की बाकीच्या नंदीबैल.

तेवढ्यात कोपऱ्यात मेथी निवडत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मी राहते जामीन." दरवेळी सगळ्यात आधी हिचीच मान हलायची. "मी बी खाते मनाच्या गोळ्या. माझा हप्ता कधी चुकला का?"

एकीनं हळूच विचारलं, "आत्या, त्यानं वजन वाढतं व्हय? माझं लई वाढलंय." दुसरी म्हणाली, तिचा नवरा तिच्या गोळ्या पिठाच्या डब्यात लपवतो, पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून. जिला तिला वाटत होतं, अशी आपण एकटीच. मान कोणीकडं हलवावी ते अध्यक्षबाईंना कळेना. शेवटी म्हणाल्या, "द्या बाई हिला. आन् तू आधी आत जाऊन नीट नेसून ये."

मॅडमना सांगितलं, एकूण एक जणीच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा पडला. "मग काय झालं?"

"कर्ज मिळालं."

टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मग पुढचा गृहपाठ, त्याच्यापुढचा गृहपाठ, आणि एकदाची मी वाढायला उभी राहिले. पहिल्याच दिवशी एका पोराच्या ताटाबाहेर आमटी सांडली. त्यानं मोबाइलमधून मानसुद्धा वर केली नाही. मॅडमचं पोरांच्या बाबतीत खरं होतं, बायकांच्या नाही.

छाती अजून धडधडते. धडधडू दे, वाढता येतं. काम टिकलं म्हणून हप्ते टिकले. परवाच्या बैठकीत शेवटचा भरला. अध्यक्षबाईंनी नोटा दोनदा मोजल्या.

"फिटलं बाई सगळं. आता शहाणी झालीस का?"

"नाय," मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तरी पैसे फिटले."