खोलीला वेळ द्या

गायकवाड सरांना शेवटचं भेटले ते कोल्हारला, त्यांच्या घरी. आजारपणानं पार वाळले होते. ओट्यावरून उठून ते आपल्याच झोपायच्या खोलीपाशी गेले, दारावर टकटक केली आणि थांबले... नेहमीपेक्षा फारच जास्त. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आज खोली आधीच जमलीय. आत कुणीतरी बघतंय." सरांच्या पत्नी, आमच्या काकू, घाबरल्या. "काहीतरीच काय बोलता! चला, पडा जरा." सर मुकाट्यानं आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

ही टकटक कॉलेजात आम्हा सगळ्यांच्या ओळखीची. सर तत्त्वज्ञान शिकवायचे; तत्त्वमीमांसेच्या पहिल्या तासाला सर सगळ्या वर्गाला व्हरांड्यात उभं करायचे आणि बंद दार वाजवायचे. आम्ही फिदीफिदी हसायचो. शिपाईमामा दरवर्षी न चुकता सांगायचे, "सर, आत कुनी न्हाई. कुलूप मीच काढलंय आत्ता." त्यावर सर शांतपणे म्हणायचे, "कुणी बघत नसताना ही खोली असते का? असेल, तर दार वाजवून काही बिघडलं नाही. नसेल, तर आपली चाहूल लागल्यावर तिला घाईघाईनं जमावं लागत असेल. बाकं, फळा, भिंती... तिला जरा वेळ द्या." आमच्या वर्गातली कर्जतकडची एक मुलगी फटकन म्हणाली, "सर, रानात ज्वारी आमी कुठं बघत बसतो? तरी वाढतीच की!" सर खूश झाले. मग हळूच म्हणाले, "मग तिथं बघणारं कोण असतं गं?" आमचं हसू थांबलं. त्या दिवशी वर्गात शिरताना सगळ्यांनी आधी कोपरे बघितले, मीसुद्धा.

पुढे त्याच कॉलेजात मी सरांच्या हाताखाली शिकवायला लागले. दार वाजवायची सवय मात्र मी उचलली नाही. मला तो खेळ वाटायचा, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. सरांना ते ठाऊक होतं. "तू आपली सरळ आत घुसतेस," म्हणून चिडवायचे.

परवा काकूंनी बोलावून घेतलं. चर्चमध्ये सरांसाठी प्रार्थना होती, आणि त्यांचं बायबल खोलीतच राहिलं होतं. सर गेल्यापासून दार बंद. "मला न्हाई गं आत जाववत. तूच आन." मी कडीला हात घातला आणि तसाच मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा दार वाजवलं. आतून सरांचा 'या' ऐकू यावा असं फार वाटत होतं, आणि तो खरंच ऐकू आला तर, ही धास्तीही होती. आत काहीच वाजलं नाही. मी पुन्हा कडीकडे हात नेला, तेवढ्यात काकूंनी मागून माझं मनगट धरलं.

"थांब जरा," त्या कुजबुजल्या. "त्यांना वेळ दे."


आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या राहिलो.