बुश गेलेला लॅपटॉप

सर्जेराव हिवराळे हा माणूस कूलर दुरुस्त करतो, आणि जगातली प्रत्येक वस्तू कूलरच आहे असं धरून चालतो. पुंडलिकनगरच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं दुकान आहे. फेब्रुवारी उलटला की दुकानापुढं जुन्या कूलरांची रांग लागते आणि हा त्यांच्यात उकिडवा बसून कान लावतो. मोटार खोलायच्या आधी तो ऐकतो. घर्रर्र आवाज आला की बुश गेलं. बुश म्हणजे पंख्याची दांडी ज्या पितळी कड्यात फिरते ते कडं. ते झिजलं की पंखा बोंबलायला लागतो. बहुतेक कूलरांचं तेच झालेलं असतं, त्यामुळं हा माणूस बहुतेक वेळा बरोबर ठरतो. सगळा घोळ तिथंच आहे.

आम्ही दोघंही मूळचे पाचोड गावचे, आता इथं एकाच गल्लीत राहतो. मी त्याला दादा म्हणते, तो मला पुढारीणबाई म्हणतो. पाण्याच्या लाइनसाठी मी बायकांचा मोर्चा नेला त्या दिवसापासून हे नाव मला चिकटलंय. त्याच लाइनचं पाणी पितो आणि वर टोमणे मारतो.

त्याची मुलगी विशाखा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाचणाऱ्याला वाटेल, आता पैशाचं रडगाणं येणार. नाही येणार. पैसे बाजूला काढून ठेवलेले होते आणि आम्हाला कुणा दानशूराची गरज नव्हती. अडचण वेगळी होती. कॉलेजची लॅब संध्याकाळी बंद होते, आणि घरातला जुना लॅपटॉप चालू व्हायला लागला की माणूस चहा करून, पिऊन, कप विसळून येतो. मागच्या ज्युरीत, म्हणजे सर लोक ओळीनं बसून डिझाइनची चिरफाड करतात तेव्हा, हिची इमारत पडद्यावर फिरलीच नाही. एक सर म्हणाले, पुढच्या वेळी पुठ्ठ्याची करून आण. सगळा वर्ग हसला. या खेपेला डिझाइनमध्ये राहिली तर वर्ष जाणार होतं, आणि ज्युरी पंधरवड्यावर आली होती.

पोरीनं चौकशी केली. तिला वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप पाहिजे, आणि आपल्या आवाक्यात तसा फक्त गेमिंगचा मिळतो. गेमिंग शब्द ऐकून दादा भडकणार म्हणून मी पदर खोचून गेले होते. तो म्हणाला, "खेळू दे की जरा, लेकरू हाय." माझं भाषण तोंडातच राहिलं.

मग आम्ही तिघं दुकानं फिरायला लागलो आणि माझ्या डोक्याचं पार भजं झालं.

पहिलं दुकान औरंगपुऱ्यात. विशाखानं ठरवलेला लॅपटॉप काउंटरवर होता. दुकानदारानं त्यावर मोटारींच्या शर्यतीचा गेम लावला, आतले पंखे जोरात फिरायला लागले, आणि दादा वाकला. कान लावला. मागच्या जाळीपुढं तळहात धरला. मग सरळ उभा राहून, डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तशा आवाजात म्हणाला, याचं बुश गेलंय.

विशाखानं समजावलं. मी समजावलं. नवीन आहे, काम पडलं की तापतो, तापला की पंखा जोरात पळतो, उष्णता बाहेर फेकतो. तो म्हणाला, नव्या मालाचा आवाज येत नाय. विषय संपला.

दुसरं दुकान उस्मानपुऱ्यात. कंपनी दुसरी, आवाज तोच. तिथला दुकानदार सरळ माणूस, म्हणाला, "चाचा, गेमिंग है, थोडी आवाज तो आतीच है."

दादाचे डोळे चमकले. "ये लाइन मेरी है भाई. बुश बदलने का कंटाळा आया तो मैं भी गिऱ्हाईक को यहीच बोलता."

स्वतः थापा मारतो म्हणून जगातला प्रत्येक दुकानदार थापाड्या. मी त्याला तिथंच सुनावलं, भर दुकानात. तो शांतपणे म्हणाला, "पुढारीणबाई, मोर्चा सिडकोला न्या."

सिडकोच्या दुकानात अमेय नावाचा दुकानदार होता, तिशीचा, सोशिक. दादानं त्याला आल्या आल्या सांगितलं, आवाज नसलेला दाखव. अमेयनं एक पातळ, चकचकीत लॅपटॉप दाखवला. दादानं कान लावला. काहीच नाही. चेहरा असा खुलला जणू बुद्धविहारात ध्यानाला बसलाय. म्हणाला, हा बांध.

विशाखा अमेयला म्हणाली, जरा थांबा. तिनं पर्समधून पेनड्राइव्ह काढला. तिचं थ्रीडीचं सॉफ्टवेअर त्याच्यावरूनच चालतं. तिनं आपलं डिझाइन उघडलं: पाचोडच्या आठवडी बाजारासाठी ओटे आणि वर छप्पर. छप्पर आलं. ओटे आले नाहीत. फिरवायला गेली तर चित्र जागच्या जागी गोठलं. मग तिनं तेच बाजूच्या गेमिंगवाल्यावर उघडलं. पंखे घोंगावायला लागले आणि अख्खा बाजार झर्रकन फिरला, सावल्यांसकट.

मी विजयी मुद्रेनं दादाकडं बघितलं. तो पातळ लॅपटॉपच्या गोठलेल्या छपराकडं बघत होता. म्हणाला, "येतील की ओटे. एवढी घाई काय हाय?"

देवाधर्माशी माझा संबंध नाही, नाहीतर त्या क्षणी मी कुणाचा तरी धावा केला असता. मी तोंड उघडणार तेवढ्यात विशाखानं माझा हात दाबला. ती ओरडली नाही. ही सवय तिनं कुठून घेतली माहीत नाही, आमच्यात कुणालाच नाही. ती बापाकडं वळली.

"अण्णा, कूलर तुमचं काम हाय. तिथं मी कधी बोलले का?"

"नाय बोलली."

"हे माझं काम हाय. आवाज मला ऐकायचाय, तुम्हाला नाय. बिघडला तर माझी चूक. पण आज तुमच्या मनाचा घेतला आन् ज्युरीत परत गोठला, तर सगळे मलाच हसतील. तुम्ही तिथं नसताल."

दादा बाहेर गेला. काचेतून दिसत होतं, बंद स्कूटरवर बसून समोरच्या दुकानाच्या एसीकडं बघत होता. मला वाटलं, गेला हा आता घरी. अमेयनं आम्हाला पाणी दिलं. विशाखा प्यायली नाही.

तो आत आला तो थेट काउंटरपाशी. गेमिंगवाल्याकडं बोट केलं. "हा दे."

अमेयनं बिलावर नाव काय टाकू म्हणून विचारलं.

"तिचं टाक. झिजक्या मालावर मला माझं नाव नको."

त्याही वेळी मला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. अमेयनं पोरीला पूर्ण नाव विचारलं, टाइप केलं, बिल छापून पुढं सरकवलं. विशाखा सर्जेराव हिवराळे. दादानं ते डोळ्यांजवळ धरून वाचलं. मधल्या नावापाशी जरा थांबला. मग घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवलं, आणि खोकं कुणालाच उचलू दिलं नाही.