मित्राकडून मागवलेली फाईल

दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणारा माणूस आपण नव्हे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या नोकरीत ती गेली.

आमची कंपनी आजारी लोकांच्या घरी ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवायची. जुनी ऑर्डर बंद करायची नि नवी उघडायची, ही कामं डेटाबेसमध्येच ठेवलेले दोन छोटे प्रोग्रॅम, म्हणजे प्रोसीजर, करत. त्या लिहिल्या होत्या आमच्या डेटाबेसवाल्या बाईंनी. अमेरिकन, साठीला टेकलेल्या, कामाला चोख. माझा जावाचा प्रोग्रॅम मॅपिंग फ्रेमवर्कमधून, म्हणजे डेटाबेसशी जोडणाऱ्या तयार सांगाड्यातून, दोन्ही लागोपाठ चालवायचा. नियम साधा होता: दोन्ही झाल्या तर ठेवायचं, एक जरी फसली तर दोन्हींचं पुसायचं.

२००५च्या उन्हाळ्यात कळलं की ते पुसणं होतच नाही. एका आजोबांची जुनी ऑर्डर बंद झाली, नवी उघडलीच नाही. सिलिंडर गेला नाही. त्यांना ॲम्ब्युलन्समधून न्यावं लागलं. वाचले, एवढंच.

सोमवारी मीटिंगमध्ये मॅनेजरने मला कारण विचारलं. काही न तपासता मी म्हणालो, "प्रोसीजरमध्येच कुठेतरी कमिट असेल." म्हणजे बाईंनी आतच सगळं पक्कं करून टाकलं, तर माझा प्रोग्रॅम बाहेरून काय पुसणार? उचलली जीभ लावली टाळ्याला.

"मी असं कधीच करत नाही," बाई म्हणाल्या. मॅनेजरने वहीत माझं वाक्य लिहून घेतलं, त्यांचं नाही.

बुधवारी मी दोन्ही प्रोसीजर हाताने चालवल्या. दुसरी मुद्दाम फसवली नि रोलबॅक, म्हणजे पुसायचा हुकूम, दिला. पहिलीने केलेलं सगळं पुसलं गेलं. बाईंचं काम स्वच्छ होतं.

मग फ्रेमवर्कच्या सेटिंगची माझी कॉन्फिगरेशन फाईल उघडली. माझी कसली? तेव्हा आमच्यातलं कुणी अशी फाईल कोऱ्यापासून लिहीत नसे. मी टेक्ससमधल्या फ्रिस्कोच्या एका पुणेकर मित्राकडून मागवली होती, नावं बदलून चिकटवली होती. तीत एक ओळ होती: ट्रॅन्झॅक्शन, म्हणजे एकत्र ठेवायची किंवा पुसायची कामं, सुरू करणं, संपवणं बाहेरचं कुणीतरी बघेल. मित्राकडे ते बघणारा सर्व्हर होता. आमच्याकडे कुणीच नव्हतं. प्रत्येक प्रोसीजर संपताक्षणी आपोआप पक्की होत होती.

घरी बायकोला सांगितलं.

"आत्ता काही बोलू नकोस यार," ती म्हणाली. "ग्रीन कार्डचं फाईल केलंय. जॉब गेला तर सगळं कॅन्सल, परत पहिल्यापासून."

तिला दोष देत नाही. मला हेच ऐकायचं होतं, म्हणून तर तिला विचारलं.

पुढच्या आठवड्यात ती ओळ मी इतर वीस बदलांच्या गर्दीत गुपचूप बदलली. त्याच वेळी मॅनेजरच्या हुकमावरून बाईंच्या दोन्ही प्रोसीजरही मीच नव्याने लिहिल्या. त्रास थांबला. शाबासकी नव्या प्रोसीजरना मिळाली आणि महिन्याभरात बाईंना काढलं. त्या खोक्यात सामान भरत होत्या, तेव्हा मी जेवायला बाहेर गेलो होतो. मुद्दामच. लाज वाटत होती.

तीन वर्षांनी, एका शनिवारी सकाळी, त्यांचा फोन आला. तोवर माझं ग्रीन कार्ड हातात आलं होतं. भ्यायला काही कारण उरलं नव्हतं.

त्या एका लोकरीच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहत होत्या. डेटाबेसचं काम पुन्हा मिळालं नाही, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एकच विचारायचंय. तो कमिट नेमका कुठे होता? मी अजून मनात शोधत असते."

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

"पहिलीच्या शेवटी," मी म्हणालो. "एकच होता. कुणाच्याही नजरेतून सुटला असता."



"म्हणजे चूक माझीच होती," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मला वाटत होतं, तू खोटं बोललास. मला माफ कर."

"असू द्या," मी म्हणालो, आणि त्यांना माफ केलं.