मामाजींचा पंजा

पैनगंगेच्या दोन्ही काठांवर आमच्या सासऱ्यांइतका हरण्यात तरबेज माणूस झाला नसेल. भीमपूरकडच्या त्यांच्या गावात मामाजी पंजा लढवण्याबद्दल प्रसिद्ध होते, आणि तो कधीच न जिंकण्याबद्दल त्याहून जास्त. शेतातून आले, हातपाय धुतले, की ओट्यावर पाट मांडून त्यावर कोपर टेकून बसत. मग गल्लीतली पोरं, किराणावाला, सोयाबीनचा भाव करायला आलेला व्यापारी, कुणीही यावं आणि त्यांना हरवून जावं. हरताना त्यांच्या कपाळाची शीर फुगायची, मिशा थरथरायच्या, आणि हात आपटला की ते कण्हत मनगट चोळत बसायचे. शेजारच्या चिमुरडीकडून हरले तेव्हा तर हळद लावून हात गळ्यात बांधून हिंडले. सासूबाईंपुढे हरायला मात्र त्यांना वेगळी मेहनत घ्यावी लागत नसे.

मीही त्यांना हरवलं होतं, तेही लग्नाच्या मांडवात. पुस्तकांहून जड काही न उचललेला मी नवरदेव, आणि समोर कापसाच्या गाठीसारखे मामाजी. हात आपटला तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. पुढे कित्येक वर्षं मी सासुरवाडीला बाह्या जरा वर दुमडूनच जात असे.

मग एकदा कापसाने भरलेल्या बैलबंडीवरून ते पडले. सूज उतरली, पण उजव्या हाताच्या मुंग्या जाईनात. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, दंडाची तपासणी करू. नस दुखावली असेल तर ऑपरेशन, आणि मग पंजा कायमचा बंद. मामाजींचा चेहरा उतरला. "मंग पोट्टे कोनासंग खेळतीन?" एवढंच ते म्हणाले.

पूर्ण जोर लावताना दंडाच्या स्नायूत किती वीज उठते, हे मोजणारं ते यंत्र होतं. तपासणाऱ्या मुलीने दंडावर चकत्या चिकटवल्या, मामाजींचं मनगट आपल्या हातात धरलं आणि म्हणाली, "बाबा, पूरा जोर लगाकर अपनी तरफ खींचो." मामाजींची शीर फुगली, मिशा थरथरल्या, कण्हणं बाहेरच्या बाकापर्यंत गेलं, आणि हात अलगद तिच्याकडे झुकला. पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट होती. मुलीचा चेहरा गंभीर झाला. मामाजी मात्र कौतुकाने माझ्याकडे वळले. "लय ताकद हाय पोरीत."

तिने पुन्हा धरलं, ते पुन्हा हरले. ऑपरेशनचा विषय निघाला. मी त्या सपाट रेघेकडे बघत होतो आणि मला मांडव आठवत होता; तीच शीर, त्याच मिशा. बऱ्याच वेळाने मी मुलीला सुचवलं की मनगट तुम्ही धरू नका, पट्ट्याने खिडकीच्या गजाला बांधा.

गजाशी मामाजींची काही सोयरीक नव्हती. या वेळी ते कण्हले नाहीत, चेहरा शांत होता, आणि यंत्रातून ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट सुरू झाला. पडदा रेघांनी गच्च भरला. मुलीने दचकून आवाज कमी केला आणि हसत डॉक्टरांना बोलावलं. नस शाबूत होती.

परत येताना बसस्टँडवर आम्ही चहा मागवला. मामाजी म्हणाले, "जवाईबापू, हे गावात नोका सांगू."

"काऊन?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"पोट्टे खेळाले येनार नाही मंग."

मी कबूल झालो. पण राहवेना, म्हणून मांडवातल्या पंजाचं विचारलं. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला, आणि कपाळाची शीर फुगवून म्हणाले, "तुमचं निराळं हाय. तुमी खरंच जिंकले होते."

त्यानंतर कितीतरी संध्याकाळी ते ओट्यावर हरत राहिले. या उन्हाळ्यात झोपेतच गेले. तेराव्याला वांकिडीच्या माझ्या साडूंनी बाही वर करून आपण त्यांना कसं लोळवलं ते सांगितलं. मग किराणावाल्याने सांगितलं, मग आता कॉलेजात जाणाऱ्या त्या शेजारच्या मुलीने. सांगता सांगता जो तो आपला दंड चाचपून बघत होता. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. मी जरा खाकरलो, सदऱ्याची बाही दुमडली आणि माझाही विजय अगदी तपशीलवार सांगितला. सासूबाईंनी माझ्या काडीसारख्या दंडाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवसांत त्या घरात कुणी पहिल्यांदाच हसत होतं.