खोडाळ्यात न सांगितलेला तास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. आमच्या शिक्षकांच्या बैठकीत गेली चार वर्षं मी जे फसलेले तास सांगत आलो, त्यांतले बहुतेक खोटे होते.

बैठक म्हणजे काय, ते आधी सांगतो. जव्हार-मोखाड्यातले आम्ही सात-आठ शिक्षक महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटली की खोडाळ्याला जमतो. परिपत्रक नाही, सही नाही, फोटो काढून कुठं पाठवायचा नाही. एकदा एका साहेबांनी विचारलं, "याचा अहवाल कुठाय?" आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या बाई म्हणाल्या, "अहवाल नाही साहेब, चहा आहे. घेता?" साहेबांनी घेतला. भजीही खाल्ली.

भजीचं कारण असं. प्रत्येकानं त्या महिन्यातला आपला एक फसलेला तास सांगायचा. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. ज्याच्या तोंडून सल्ला गेला, त्यानं पुढच्या वेळी सगळ्यांना भजी आणायची. शिक्षकांना सल्ला देण्यापासून रोखायचा दुसरा उपाय थोरल्या बाईंना सापडला नव्हता. भजी कधी कमी पडली नाहीत.

या माणसांवर माझा जीव आहे. सरकारी प्रशिक्षणांत मी वहीच्या कोपऱ्यात फुलं काढली. इथं मात्र वह्या भरल्या.

पण माझा खरा फसलेला तास मोठा होता आणि तो सांगायची छाती नव्हती. म्हणून मी लहान, गमतीचे तास रचायचो. एकदा सांगितलं, मोजणीसाठी पोरांना नागली, म्हणजे नाचणी, वाटून दिली, दाणे इतके बारीक की एक पोरगा शिंकला आणि गणितच उडून गेलं. सगळे हसले. सूर्यमाळकडच्या एक तरुण बाई मात्र लिहून घेत होत्या. पुढच्या महिन्यात त्या दारातूनच ओरडल्या, "सर, तुमचा नापास तास आमच्याकडे पास झाला! दाणे मोजता येईनात, तर पोरंच म्हणाली, वाटीनं मापू. आठवडाभर नुसती मापामापी. आया पण बघायला आल्या."

मी मान डोलावली. कधी न घेतलेल्या तासाचे आभार मी मुकाट घेतले.

खरा तास असा. फार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. घरी जमीन नाही. दिवाळी झाली की सगळं घर वीटभट्टीवर, होळीच्या सुमारास परत. चौथी संपत आली तरी तिला अक्षराला अक्षर जोडून वाचता येत नव्हतं. शाळेनंतर रोज अर्धा तास बसवलं असतं, तर जमलं असतं. ती तयार होती. घंटा झाल्यावरही पाटी घेऊन दाराशी थांबायची. घाई मला असायची. वर पाठवायच्या प्रगतीच्या तक्त्यात तिच्या नावापुढं मी लिहिलं, वाचन येते.

पाचवीला ती आश्रमशाळेत गेली. तिथं तिला उभं करून धडा वाचायला लावला, वर्ग हसला. ती घरी आली ती कायमची. हे तिच्या आईनं मला सांगितलं, आणि रागानं नाही, माफी मागितल्यासारखं. "गुरुजी, तुमी शिकवलं. हिच्याच डोक्यात ऱ्हायलं नाय."



गेल्या बैठकीत सूर्यमाळच्या बाईंनी त्यांचा तास सांगितला. भट्टीवरून नुकताच परतलेला एक मुलगा, वाचन येत नाही, आणि तक्ता सोमवारी द्यायचा. "येते, असं लिहून टाकू का? सगळेच लिहितात."

"लिहू नका," मी एकदम म्हणालो. "रोज थांबवून घ्या त्याला. अर्धा तास."

"भजी! भजी!" सगळ्यांनी गलका केला. "सर, मिरचीची आणा, कांद्याची नको!"

त्या गलक्यात बाईंनी हसत विचारलं, "तुम्ही कधी नाही ना लिहिलं, सर?"

"छे," मी म्हणालो.

थोरल्या बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग चहा ओतायला घेतला.

त्याच दुपारी स्टँडवर ती मुलगी भेटली. आता बाई झालेली, कडेवर पोर. गाडी समोर उभी, पाटीवर ठळक अक्षरं. तिनं विचारलं, "गुरुजी, ही गाडी जव्हारची हाय का?"

"हो. चढ."

आत शिरल्यावर तिनं आपलं गाठोडं मांडीवर घेतलं आणि मला जागा करून दिली. "बसा गुरुजी." पोराला म्हणाली, "हे माझे गुरुजी." सगळा घाट उतरेपर्यंत ती माझ्याशी बोलत होती आणि मी बाहेर बघत होतो.

बैठकीला मी एक खरा तास देणं लागतो, आणि सूर्यमाळच्या बाईंना एक खरं उत्तर. त्या मुलीला मी वाचन देणं लागतो. यातलं काहीच मी अजून दिलेलं नाही.