प्रत्येक लढाई दोनदा

तांडेलसरांच्या वर्गात प्रत्येक लढाई दोनदा व्हायची. शनिवारचे शेवटचे दोन तास इतिहासाचे. पहिल्या तासाला तीन बाक जोडून फिरंग्यांचं जहाज करायचं, सुटे बाक म्हणजे मराठ्यांची गलबतं, आणि फरशीवर खडूने खाडीचं तोंड आखायचं. सर डस्टर ज्या दिशेला धरतील तिकडे वारा. खडूची रेघ पुसून पुढेमागे ओढली की भरती किंवा ओहोटी. दुसऱ्या तासाला ते ओरडायचे, "बाजू बदला!" मग मघाचे मराठे फिरंगी व्हायचे आणि तीच लढाई नव्याने. खरी लढाई कोणी जिंकली ते सर शेवटी सांगायचे. वर्गात ज्याचा कप्तान डोकं चालवेल तो जिंकायचा.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं. वडील वेसाव्याला मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, म्हणून पोरांनी हे नाव पाडलं. सर ख्रिस्ती. मरोळच्या बाजूला गावठाणात घर, दारापुढे क्रूस. आम्ही बहुतेक कोकणातली, जोगेश्वरी-अंधेरीच्या चाळींमधली. एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "सर, आज तुमचे हरले!" सर शांतपणे म्हणाले, "माझे? अरे, माझे खापरपणजोबा दोन्हीकडे सुके बोंबील विकत असणार. कोणीही हरलं तरी आमचं एक गिऱ्हाईक कमी."

पुस्तकात दोन ओळींत उरकलेली गोष्ट सर तासभर उलगडत. फिरंग्यांचं जहाज उंच, दोन्ही कुशींना तोफा, पण त्याला खोल पाणी लागायचं आणि वारा पडला की ते जागच्या जागी. आपली गलबतं उथळ पाण्यात चालायची, वल्ह्यांवर वळायची आणि जहाजाच्या पाठीमागून यायची, कारण तिथे तोफा कमी. फिरंगी समुद्रावर फिरण्याचा परवाना मागत तेव्हा तो कायदा. मराठ्यांनी मागितला की फिरंगी त्यांना लुटारू म्हणत. "आणि फिरंग्यांच्या जहाजावर दोर ओढणारे कुठले?" सर विचारायचे. "इथलेच. आपल्या तोफांवरही कधीकधी फिरंगी गोलंदाज असायचा. लढाई दोन देशांची वाटते. जवळून बघा, माणसं सगळीकडे मिसळलेली."

त्यांचं एक वाक्य मात्र दर शनिवारी ठरलेलं. "समोरचा मूर्ख आहे असं ज्या कप्तानाला वाटलं, तो बुडाला."

आठवीत एका शनिवारी त्यांनी मला फिरंगी कप्तान केलं. मुलांची गलबतं मला चिथावत खाडीत शिरली. "ये की आत! घाबरलीस काय गं?" सर खडूची रेघ पुसायला लागलेले दिसले, तशी मी रेघेबाहेरच थांबले. म्हटलं, "नाही येत. ओहोटी लागलीय." सरांनी रेघ मागे ओढली आणि मुलांची गलबतंच आत चिखलात बसली. पाणी चढलं तेव्हा वारा समुद्राकडून होता आणि माझ्या तोफा खाडीच्या तोंडावर. "चीटिंग आहे सर!" मुलं ओरडली. सरांनी टाळ्या वाजवल्या.

मी घरी जाऊन फुशारकीने सांगितलं. गिरणी संपात गेल्यापासून बाबा घरीच होते आणि बोलायला कुणाला तरी धरून ठेवत. त्या दिवशी ते एकदम उठून बसले.

"तू फिरंग्यांच्या बाजून जिकलंस? आणि मास्तर काय करी होतो?"

"टाळ्या वाजवत होते."

बाबांनी कागद मागवला. त्यांना स्वतःच्या अक्षराची लाज वाटे, म्हणून त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं. मास्तर आपल्या धर्माचा कैवार घेऊन मुलांना फिरंगी करतात, त्यांच्याकडून इतिहास काढून घ्यावा. अर्जाचा नमुना आम्हाला नुकताच शिकवला होता, त्यामुळे 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत सगळं चोख झालं. खाली बाबांनी सही केली.

चार दिवसांनी मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा तिघांना बोलावलं. सरांनी अर्ज वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कागद टेबलावर ठेवला.

"मी मुलांना फिरंगी करतो हे खरं आहे," ते म्हणाले. "धर्माचं खोटं आहे." मग बाबांकडे वळले. "तुमचं गाव किनाऱ्यावरचं ना? ओहोटीला मोठं जहाज खाडीत घातलं तर काय होईल?"

"रुतात," बाबा म्हणाले. "आणखी काय?"

"हिने घातलं नाही. मी हे शिकवलं नव्हतं. हिला कोणी शिकवलं?"

मे महिन्यात गावी गेलो की खाडीच्या काठावर उभं करून पाणी कसं वाचायचं ते बाबांनीच मला दाखवलेलं. ते बाईंना म्हणाले, "तो अर्ज माका परत द्या."

बाई म्हणाल्या, "मूळ अर्ज कालच संस्थेकडे पाठवला. ही नक्कल आहे."

नक्कल टाइप केलेली नव्हती, हाताने उतरवलेलीही नव्हती. झेरॉक्स होती. माझं अक्षर जसंच्या तसं.

दिवाळीनंतर सरांना भूगोल आणि पी.टी. मिळालं. इतिहासाला नव्या बाई आल्या, त्या महत्त्वाच्या वाक्यांखाली रेघा मारायला लावत. मला इतिहासात त्या वर्षी जास्त मार्क पडले, हेही सांगितलं पाहिजे.

मी सरांना जिन्यात गाठलं. "सर, तो अर्ज मी लिहिला होता."

"माहीत आहे. तुझ्या वह्या कोण तपासतं?"

"बाबांनी सांगितलं म्हणून लिहिला."

मला वाटलं, आता ते जाऊ दे म्हणतील. ते म्हणाले, "तुला माहीत होतं वर्गात काय चालतं ते. बाबांना माहीत नव्हतं. म्हणून त्यांच्यापेक्षा तुझी चूक मोठी." आणि शिट्टी गळ्यात अडकवून मैदानाकडे गेले. पुढे दहावीपर्यंत ते माझ्याशी नीट बोलत, पण ते वाक्य त्यांनी कधी मागे घेतलं नाही.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी मुलुंडला राहते. आमच्या सोसायटीत आणि ऑफिसात तक्रारअर्ज लिहायचा असला की लोक माझ्याकडे येतात. मी आधी ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याच्याकडे जाऊन बसते, त्याचं ऐकते. लोक वैतागतात. "अहो मॅडम, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?" बहुतेक वेळा तक्रार खरीच निघते, आणि मग मी ती लोक सांगतात त्यापेक्षा कडक लिहिते. तीन-चारदा निघाली नाही. तेव्हा अर्जासाठी आणलेले कागद मी कोरेच परत केले.